चाखणं म्हणजे खाणं नव्हे

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "काका, गोड खाता का?" आणि मी ताडकन म्हणालो होतो, "अजिबात न्हाय." शेजारी बसलेल्या बायकोनं लगेच री ओढली. "चहासुद्धा बिनसाखरेचा घेत्यात. लग्नात जिलेबीला हात लावत न्हाईत." डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं. आम्ही दोघांनीही खोटं सांगितलं नव्हतं. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटत होतं.

मी गुळाचा व्यापारी. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात वडिलांपासूनचं दुकान आहे. शेतकरी गुऱ्हाळावरनं गूळ आणतात, अडत्याच्या दारात गुळाच्या ढेपांच्या, म्हणजे रव्यांच्या थप्प्या लागतात, सकाळी सौदा निघतो आणि आम्ही खरेदीदार घोळक्यानं एकेका थप्पीपुढे थांबून बोली लावतो. बोली लावायच्या आधी गूळ पारखायचा असतो. रंग डोळ्याला दिसतो, कडकपणा अंगठ्याला कळतो, पण खरी परीक्षा जिभेची. खारवट रानातल्या उसाचा गूळ दिसायला देखणा असतो आणि तोंडात टाकला की खारट निघतो. पाक जास्त लागला असेल तर मागून कडवट येतो. पांढरी पावडर मारून पिवळाधमक केलेला असेल तर जीभ थोडी चुरचुरते. रव्याच्या कोपऱ्याचा एक टवका काढायचा, जिभेवर ठेवायचा, टाळूला लावायचा, की तो कुठल्या रानाचा हे मला कळायचं. ह्यात फुशारकी नाही. यार्डात कुणालाही विचारा, असं मी म्हणायचो, आणि ती फुशारकीच होती.

टवका थुंकायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. गूळ करणारा शेतकरी समोरच उभा असतो. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा गूळ तोंडातनं जमिनीवर टाकायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं. वडिलांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पटला न्हाय तर बोली लावू नको. पण गिळ." तीस वर्षं मी गिळत आलो.

आणि बिनसाखरेचा चहा? तो तब्येतीसाठी नव्हता. गोड चहानं जीभ बिघडते, मग पहिल्या दहा थप्प्यांची पारख चुकते, म्हणून मी ऐन तारुण्यात साखर सोडली. सणाच्या दिवशीही सौदा असला की सकाळी पुरणपोळीला शिवायचो नाही. नातेवाईक माझं उदाहरण द्यायचे. गुळाचा व्यापारी असून जिभेवर केवढा ताबा! हे ऐकायला मला फार आवडायचं.

पहिल्यांदा भीती वाटली ती दोन हंगामांपूर्वी, भर सौद्यात. दोन थप्प्यांच्या मधे उभा होतो. हातात टवका होता. आणि मला समजेना की ही थप्पी चाखून झालीय की चाखायचीय. डावीकडची झाली की उजवीकडची? तोंडात गोडी होती, पण ती कुठल्या गुळाची, ते काही केल्या आठवेना. घोळका पुढे सरकला. मी घाईघाईनं दोन्हीकडचे टवके पुन्हा तोंडात टाकले आणि त्यांच्या मागे गेलो. झोप कमी झाली असेल, असं मनाला सांगितलं.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. मी खिशात खडू ठेवायला सुरुवात केली. चाखलेल्या थप्पीखालच्या पाटावर बारीकशी रेघ मारायची. कुणी विचारलं तर आपली खूण आहे म्हणायचं. तरी शंका आली की पुन्हा चाखायचो. डोकं जितकं विसरत होतं तितका गूळ पोटात जास्त जात होता, हे आता लिहिताना दिसतंय. तेव्हा मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

माणसांची नावं जायला लागली तेव्हा आमच्या बोलीनं मला सांभाळून घेतलं. कोल्हापुरात अनोळखी माणसाला "पावणं" म्हटलं की काम भागतं. गारगोटीकडचा एक शेतकरी गेली वीस वर्षं आमच्याकडे गूळ आणतो. त्याच्या पोरीच्या लग्नात मी पंगत वाढलीय. एके सकाळी तो हसत समोर आला आणि त्याचं नाव माझ्या डोक्यातनं कुणीतरी पुसून टाकलेलं. मी म्हणालो, "या पावणं, कवा आलासा?" त्याचं हसू मावळलं. "मी पावणा कवापासनं झालो ओ?" तो म्हणाला. मी मोठ्यानं हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली, चेष्टा करतोय असं दाखवलं. तो गेल्यावर दुकानात जाऊन बसलो. नाव दुपारी आठवलं, जेवताना, उगीचच.

माझी भीती कसली होती ते सांगायला हवं. आमच्या यार्डात एक म्हातारा खरेदीदार होता. डोकं बिघडल्यावरही तो रोज सकाळी धोतर-टोपी घालून यायचा आणि सौदा संपलेल्या रिकाम्या कट्ट्यापुढे उभा राहून बोली लावायचा. एकटाच. स्वतःच वाढवायचा, स्वतःच पुन्हा वाढवायचा. आम्ही तरणी मंडळी भोवती जमून म्हणायचो, "मामा, भाव पाडा की आता, परवडंना झालं!" तो खुळ्यासारखा आमच्याकडे बघायचा. मग त्याचा मुलगा यायचा आणि हात धरून घेऊन जायचा. त्या चेष्टेत सगळ्यात पुढे मी असायचो. आता रिकामा कट्टा दिसला की मी तोंड फिरवून दुसऱ्या बाजूनं जायला लागलो.

बाकीच्या खुणा घरात होत्या, पण त्या आमच्या घरात दिसणं शक्यच नव्हतं. बाथरूममध्ये मी लघवी केली तिथं मुंग्यांची रांग लागायची. दुसऱ्या एखाद्या घरी बाई लगेच सावध झाली असती. आमच्याकडे मुंग्या नाहीत असा दिवसच नसतो. माझ्या शर्टाला गूळ, चपलेला गूळ, गाडीच्या सीटवर गुळाचा चुरा. बायको नेहमीसारखी तांब्याभर पाणी ओतायची आणि म्हणायची, "तुमचं पावणं आल्यात बघा." मी पाणी फार प्यायला लागलो, तर यार्डातल्या धुळीनं घसा सुकतो म्हणायचो. दुपारी जेवलं की डोळ्यांवर झापड यायची आणि मेंदूत कुणीतरी ओलं घोंगडं टाकलंय असं वाटायचं. त्यातनं कुणी उठवलं की डोक्यात तिडीक जायची. एकदा बायकोनं किल्ली कुठं ठेवलीय एवढंच विचारलं, तर मी ताट ढकललं. तिनं सांडलेला भात वेचून घेतला. मला किल्ली कुठं ठेवलीय ते आठवत नव्हतं, म्हणून राग आला होता.

हे सगळं पोरीनं ओळखलं. आमची एकुलती एक. कॉमर्स करून दुकानाचं कामकाज बघते, माझ्याइतकीच तोंडाळ आहे. कागलला एक लग्न होतं, तिथनं दुपारी आम्ही दोघं परत निघालो होतो. गाडी मी चालवत होतो. हायवेला आल्यावर मी गाडी कडेला घेतली. कोल्हापूर डावीकडे की उजवीकडे, तेच मला कळेना. ज्या रस्त्यावर मी गाडी शिकलो तो रस्ता. ट्रक ऊस घेऊन चालले होते, ऊन होतं, सगळं लखलखीत दिसत होतं, आणि मला घर कुठल्या बाजूला आहे ते माहीत नव्हतं. पोरगी माझ्याकडे बघत होती. "पप्पा, उतरा. मी चालवते," एवढंच ती म्हणाली. वाटेत एकदाही काही विचारलं नाही. तेवढी शांत ती कधीच नसते, त्यामुळे मी आणखीच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला त्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर वयानं पोरीपेक्षा थोड्याच मोठ्या, मूळच्या कुरुंदवाडच्या. मी डोक्याचं औषध घ्यायला गेलो होतो आणि त्यांनी रक्त काढलं. तासाभरानं रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "साखर खूप वाढलीय. बरेच दिवस वाढलेली असणार."

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलोच. "म्हंजे साखर हाय नुस्ती? डोकं न्हवं?"

त्या हसल्या नाहीत. "काका, डोकंही रक्तावरच चालतं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या, पायांच्या, तशाच मेंदूच्या. विसरणं, चिडचिड, दुपारची गुंगी, ह्यातलं बरंचसं त्यामुळं असू शकतं." मग त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि मी ते उत्तर दिलं.

गोळ्या सुरू झाल्या. पहाटे उठून रंकाळा तलावाला फेऱ्या मारायला लागलो. भात बंद झाला. बायकोनं तर घरात कायदाच केला. साखरेचा डबा घासून त्यात शेंगदाणे भरले. दुकानातनं घरी येणारा गुळाचा रवा बंद केला. तिला स्वतःला दोन चमचे साखर घातल्याशिवाय चहा गोड लागत नाही, पण माझ्यासमोर कसा पिऊ म्हणून तिनंही सोडला. होळीला पुरण केलं नाही. "घरात माणूस नीट असला की रोज सण," असं काहीतरी ती म्हणाली आणि झुणका-भाकरी वाढली. मी मुकाट खाल्ली. मला तिची दया आली होती, स्वतःचीही आली होती.

तरी साखर उतरेना. दर खेपेला रिपोर्ट तसाच. गोळी वाढली, मग दुसरी जोडीला आली, मग इन्सुलिनचं इंजेक्शन. डॉक्टर चक्रावल्या. पोरीला संशय आला. एका संध्याकाळी तिनं मला दुकानात एकट्याला गाठलं. "पप्पा, खरं सांगा की. बाहेर काय खाताय? पेढे? बासुंदी? मी आईला सांगत न्हाय."

माझा संताप झाला. एवढं सगळं सोडलं, आणि पोटची पोर मला चोर म्हणते? मी म्हणालो, "तुझ्या गळ्याशपथ सांगतो. गोळ्या लागल्यापासनं गोडाचा घास माझ्या तोंडात गेला न्हाय."

तिच्या गळ्याशपथ. सकाळीच साठ-सत्तर थप्प्या चाखून आलो होतो, बोटं अजून चिकट होती. आणि मला कणभरही वाटलं नाही की आपण खोटं बोलतोय. चाखणं म्हणजे खाणं नव्हे. सुतार रंधा मारतो तेव्हा तो लाकूड खातो काय? इतकं सरळ होतं ते माझ्या मनात.

हंगाम संपला. गुऱ्हाळं थंडावली, यार्डात आवक अगदी तुरळक राहिली. मी बराच वेळ घरी बसायला लागलो. सौदा नाही, चाखणं नाही. इंजेक्शन मात्र तेवढंच, हंगामात वाढवत नेलेलं. कुणाच्या ध्यानात यावं? माझ्याच आलं नाही.

त्या दुपारचं मला जे स्वतःला आठवतं ते थोडं आहे. पंखा फिरत होता. मला दरदरून घाम फुटला होता आणि थंडी वाजत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे हलत होते. बायकोला हाक मारावी असं वाटलं आणि तिला काय म्हणून हाक मारतात ते सापडेना. त्यापुढे काही नाही. झोपेत जसं काही नसतं तसंही नाही, झोपेतनं उठल्यावर निदान झोपलो होतो हे कळतं. इथं एक तुकडाच कापून नेलाय.

पुढचं त्या दोघींनी सांगितलेलं. बायकोला वाटलं, साखर चढली. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं की घाम फुटला, थरथर सुटली तर आधी काहीतरी गोड द्या. पण साखरेच्या पेशंटला साखर द्यायची हे तिच्या मनाला कधी पटलंच नव्हतं. तिनं वाढलेलं ताट उचलून ठेवलं आणि कारल्याचा रस काढून मला पाजला. मी तो घटाघटा प्यालो म्हणे. मग उठलो आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या मांडणीपुढे जाऊन उभा राहिलो. एक पातेलं अंगठ्यानं दाबून बघितलं. आणि मोठ्यानं बोली लावायला लागलो. स्वतःच वाढवायची, स्वतःच पुन्हा वाढवायची.

बायको रडायला लागली. तिच्या आवाजानं पोरगी आतनं धावत आली आणि माझा दंड धरला. "पप्पा!" मी तिच्याकडे वळून बघितलं. रागावलो नाही, ओरडलो नाही. अगदी अदबीनं म्हणालो, "पावणं, जरा सरका की. सौदा चाललाय."

हे मला तिनं सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, माझ्याकडे न बघता.

पोरगीच टिकून राहिली. तिनं माझं बोट टोचून मशीन लावलं. आकडा इतका खाली होता की तिनं पुन्हा टोचलं. डॉक्टरांना फोन केला. त्या पलीकडनं विचारत होत्या, शुद्धीत आहेत का, गिळता येतंय का, मग आधी साखरपाणी द्या, मग घेऊन या. साखरपाणी! गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरात गोडाचा कण नव्हता. बायको अनवाणी शेजारी पळाली आणि ओंजळीत साखर घेऊन आली. पोरीनं पेला तोंडाला लावला तर मी दात आवळले. दोघींनी मिळून घोट घोट पाजलं. काही वेळानं मी म्हणालो, "असं काय बघायल्यासा माझ्याकडं?" आणि दोघीही खालीच बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "मेंदूला जास्त साखर सोसत नाही, पण साखरेशिवाय त्याचं क्षणभरही चालत नाही. आज त्याची उपासमार झाली. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं." मग म्हणाल्या, "तुमचं खाणं तेच, इंजेक्शन तेच. आधी साखर उतरत नव्हती आणि आता धाडकन पडली. मधे काय बदललं?"

"काही न्हाय," मी म्हणालो. "सौदं बंद झालं, एवढंच."

"सौद्यात काय करता तुम्ही?"

"गूळ चाखतो."

बायको माझ्याकडे बघत होती, पोरगी जमिनीकडे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "थुंकता ना?"

मी नकारार्थी मान हलवली.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी जेवढे टवके तोंडात टाकता, तेवढे एका ताटात काढा. आणि तिघं बसून बघा."

दुसऱ्या दिवशी दुकानातनं एक रवा आणला. बायकोनं मोठं ताट पुढे ठेवलं. मी टवके काढायला लागलो. हात सरावाचा, एकेक टवका सुपारीएवढा. पहिल्या दहा-बारांना मी म्हणत होतो, हे बघा, एवढंसंच असतं. विसाव्याला गप्प झालो. ताटाचा तळ झाकला. शंका आल्यावर दुसऱ्यांदा चाखायचो ते आठवलं, ते कुणाला माहीत नव्हतं, पण मी तेही काढले. ढीग ताटाच्या कडेला टेकला तेव्हा मी रवा बाजूला सारला. रोज. रिकाम्या पोटी. तीस वर्षं.

मला वाटलं बायको ओरडेल. तिनं पदरानं ताटावरची एक मुंगी उडवली आणि म्हणाली, "आणि मी पोरीच्या वाढदिवसाला शिरासुद्धा केला न्हाय." एवढंच बोलून ती आत गेली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पोरगी जागची हलली नाही. तिनं शपथेची आठवण काढली नाही, पण माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी हात जोडले तिला. बापानं पोरीला हात जोडू नयेत, पण जोडले.

डॉक्टरांना मी एकच प्रश्न तीनदा विचारला. जे गेलंय ते परत येतं का? त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. म्हणाल्या, "गुंगी जाईल, चिडचिड कमी होईल. विसरण्यातलं काही भरून येईल. सगळं येईल का, हे मी सांगू शकत नाही. चाखणं मात्र आजपासून बंद."

बंद केलं. इंजेक्शन कमी झालं, पावसाळ्यात साखर ताब्यात आली, दुपारचं घोंगडं उतरलं. रस्ते आता चुकत नाहीत. पण भीती काही गेली नाही. पूर्वी एखादं नाव अडलं तर मी डोकं खाजवायचो. आता घाम फुटतो. भाजीवाल्या मावशीचं आडनाव, शेजारच्या गल्लीचं नाव, काहीही. रंकाळ्याच्या फेरीत मी मनातल्या मनात यार्डातल्या सगळ्या अडत्यांची नावं ओळीनं म्हणतो. एक जरी सुटलं तरी पुन्हा पहिल्यापासून. बायको म्हणते, "जप चाललाय काय?" तिला मी हो म्हणतो.

मग दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला आमच्याकडे मुहूर्ताचा सौदा असतो, नव्या हंगामाची सुरुवात. मी जिभेवाचून काय पारखणार, ह्या विचारानं खचलो होतो. आदल्या दिवशी पोरगी म्हणाली, "मी येते. चाखायचं मी बघते. तुमी नुस्तं शेजारी ऱ्हावा." मी नको म्हणालो. ती ऐकणारी नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दुकान चालू राहणार होतं.

पाडव्याला यार्डात झेंडूची तोरणं लागली होती. सगळे नव्या कपड्यांत. घोळका पहिल्या थप्पीपुढे थांबला. गूळ आणणारा तरणाताठा शेतकरी हात बांधून उभा होता, बायको-पोरांसकट आला होता. पोरीनं रव्याच्या कोपऱ्याचा टवका काढला, अगदी मी काढतो तसा. जिभेवर ठेवला, डोळे मिटले. जरा वेळानं माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पप्पा, मागनं जरासं खारट येतंय." मी टवका हातात घेऊन नुसता हुंगला. तिचं बरोबर असणार, हे मला वासावरूनच वाटत होतं. माझी छाती भरून आली. तीस वर्षांत मला जे कमवावं लागलं ते हिच्या जिभेत आधीच होतं.

आणि मग तिनं तो टवका गिळला. सहज. माझ्याकडे बघून हसत. त्याच शेतकऱ्याच्या दुसऱ्या थप्पीकडे हात नेला, दुसरा टवका काढून तोंडात टाकला.

मी ओरडलो, "थूक!"

माझा आवाज सगळ्या यार्डात गेला असणार. अडत्या बोली विसरला. पोरगी टवका गालात धरून थिजली. "थूक म्हणतोय ना!" मी पुन्हा ओरडलो आणि तिच्या तोंडापुढे माझा तळहात धरला. तिचे डोळे भरले, चेहरा लालबुंद झाला. तिनं खाली वाकून माझ्या हातावर तो टवका थुंकला, त्या शेतकऱ्यासमोर, त्याच्या बायको-पोरांसमोर, पाडव्याच्या दिवशी.

त्या शेतकऱ्याचा चेहरा उतरला. तो एक पाऊल पुढे आला. "काय ओ मालक," तो म्हणाला, "आमच्या गुळात इख हाय व्हय?"

मला "न्हाय" म्हणायचं होतं. त्याला सांगायचं होतं की पोरा, तुझ्या गुळाचा दोष नाही. त्याचा हात धरायचा होता. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. सगळे बघत होते, पोरगीही बघत होती. तो एवढासा शब्द लाजेनं अडला होता, का माझ्या डोक्यात तो उरलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही सांगता येत नाही.